हेमाद्री पंडित : राज्याचा कारभारी, धर्माचा निबंधकार

देवगिरीच्या यादवांच्या दरबारात तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात हेमाद्री पंडित हा ‘श्रीकरणाधिप’ होता. राज्याचे दफ्तर, दानपत्रे, हिशेब आणि लेखनिकांचा सगळा खातेविभाग त्याच्या हाताखाली असे. महादेव यादव (१२६१–१२७१) आणि रामचंद्र यादव (१२७१–१३११) या दोन राजांची चाकरी त्याने केली. त्याच वेळी त्याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा धर्मशास्त्राचा प्रचंड निबंधग्रंथ रचला. लोकांच्या तोंडी तो ‘हेमाडपंत’ झाला आणि गावोगावच्या दगडी देवळांना त्याचे नाव चिकटले. त्याच्याविषयी महाराष्ट्रात दोन मते फार पूर्वीपासून चालत आली आहेत. एका मताने तो राज्याला शिस्त लावणारा मुत्सद्दी आहे. दुसऱ्या मताने त्याने समाजाच्या मानेवर कर्मकांडाचे जू ठेवले. पुढील संवादात लातूर जिल्ह्यातील चाकूरचे एक निवृत्त गुरुजी पहिली बाजू मांडतात. त्यांचीच एकेकाळची विद्यार्थिनी आणि आता इतिहासाची प्राध्यापिका असलेली अभ्यासक दुसरी.

घराणे आणि पद

गुरुजी : आधी माणूस कोण होता ते पक्कं करू. वत्स गोत्राचं ब्राह्मण घराणं. पणजोबा वामन, आजोबा वासुदेव, वडील कामदेव. ही वंशावळ त्यानं स्वतःच ग्रंथात दिलीय. ठाण्याला सापडलेल्या शके ११९४ च्या, म्हणजे १२७२ च्या ताम्रपटात त्याचा अधिकार दिसतो. दफ्तराचा प्रमुख तर तो होताच, पण हत्तीदळाची देखरेखही त्याच्याकडे होती. झाडीमंडळ, म्हणजे आजचा भंडारा–चंद्रपूरकडचा जंगलपट्टा, त्यानं जिंकल्याचाही उल्लेख त्यात आहे. पोथीत डोकं घालून बसणारा पंडित नव्हता तो.

प्राध्यापिका : पदाबद्दल वाद नाही, गुरुजी. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातला ‘चौऱ्यांशीचा शिलालेख’ही तेच सांगतो. तो शके ११९५ ते ११९९, म्हणजे १२७३ ते १२७७ या वर्षांतला आहे. दात्यांची ती यादी आहे. कुणी किती दिलं ते एकाखाली एक, वर्षावर्षाला वाढत गेलेलं. त्यात रामचंद्रदेवाचं नाव आहे आणि हेमाडी पंडिताचंही. साध्या भक्तांच्या बरोबरीनं राज्याचा एवढा मोठा अधिकारी दात्यांच्या रांगेत उभा आहे.

गुरुजी : मग हाच पुरावा माझ्या बाजूनं घे. लोकांच्या देवाशी तो फटकून वागला नाही.

प्राध्यापिका : दान देणं एक आणि लोकांनी कसं जगावं हे ठरवणं दुसरं. तिथं मी पुढं येतेच.

राजवाड्यातील उलथापालथ

महादेवानंतर त्याचा मुलगा आमण गादीवर बसला. महादेवाचा पुतण्या रामचंद्र याने १२७१ मध्ये त्याला पदच्युत केले. चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाचे ग्रंथ सांगतात की रामचंद्राची माणसे नटनर्तकांच्या वेषात किल्ल्यात शिरली, आमणाला धरले आणि त्याचे डोळे काढले. हेमाद्री मात्र दोन्ही राजवटींत अधिकारावर राहिला.

प्राध्यापिका : ज्या महादेवाची थोरवी आपण ग्रंथात गायली, त्याच्या मुलाचे डोळे काढणाऱ्याच्या दरबारात दुसऱ्याच वर्षी हा मानानं बसलेला दिसतो. याला निष्ठा म्हणायची का?

गुरुजी : राजाशी निष्ठा आणि राज्याशी निष्ठा यांत फरक आहे. राजा बदलला म्हणून सारावसुली थांबत नाही, देवळांची इनामं थांबत नाहीत, सीमेवरच्या फौजेचा पगार थांबत नाही. दफ्तर सांभाळणारा माणूस त्या दिवशी निघून गेला असता तर गोंधळ कुणाच्या घरात झाला असता? रयतेच्याच. कारभाराला सातत्य लागतं आणि ते त्यानं दिलं.

प्राध्यापिका : सातत्य दिलं हे मान्य. पण सत्य सांगितलं का? ‘व्रतखंडा’च्या आरंभी त्यानं यादवांची ‘राजप्रशस्ती’ जोडली आहे. रा. गो. भांडारकरांनी दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिताना तिचा मोठा आधार घेतला, म्हणून तिचं मोल मी कमी करत नाही. पण तिच्यातली एक गोष्ट बघा. महादेव स्त्रियांवर, मुलांवर आणि शरण आलेल्यांवर शस्त्र चालवत नाही, म्हणून आंध्रांनी भिऊन गादीवर बाईच बसवली, असं तिथं म्हटलंय. ती बाई म्हणजे वरंगळची काकतीय राणी रुद्रमादेवी. वडिलांनी, गणपतिदेवानं, तिला वारस म्हणून तयार केलेलं होतं. तेलुगू परंपरा तर सांगते की महादेवालाच तिनं मागं रेटलं. आपल्या लातूरच्या शेजारच्या बिदर किल्ल्यात काकतीयांच्या एका सरदाराचा शिलालेख मिळालाय. तो काकतीयांचा हात कुठवर पोचला होता ते दाखवतो. पराभवाला औदार्याचा मुलामा देणं हे दरबारी लेखणीचं काम. ते हेमाद्रीनं केलं.

गुरुजी : प्रशस्ती म्हणजे प्रशस्तीच. तिच्यातला पदर वेगळा काढून वाचणं हे आपलं काम. त्यानं वंशाचा क्रम, नावं आणि नाती जपून ठेवली नसती, तर यादवांचा निम्मा इतिहास अंधारात राहिला असता. तेवढं श्रेय त्याला दे.

प्राध्यापिका : दिलं.

ग्रंथ : चतुर्वर्गचिंतामणी

‘चतुर्वर्गचिंतामणी’ची व्रत, दान, तीर्थ, मोक्ष आणि परिशेष अशी पाच खंडांत योजना आहे. पुराणे, स्मृती आणि जुने निबंध यांतली वचने विषयवार लावून त्यांचा निर्णय करणे ही त्याची पद्धत. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने १८७३ पासून त्याचे खंड छापले.

गुरुजी : या ग्रंथाकडं कारभाऱ्याच्या नजरेनं बघ. शेकडो पोथ्यांत विखुरलेली वचनं त्यानं गोळा केली आणि प्रतिपदेपासून तिथीनुसार, मग वारानुसार, नक्षत्रानुसार, महिन्यानुसार लावली. दफ्तरात कागद लावायचा जो शिरस्ता, तोच पुराणांना लावला. आज हरवलेल्या कितीतरी ग्रंथांची वचनं केवळ हेमाद्रीमुळं शिल्लक आहेत. पुढं काशीत कमलाकरभट्टानं १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पुरा केला. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातला तो. त्यात पानोपानी हेमाद्रीचा हवाला आहे. सुतक किती दिवस, एकादशी कोणत्या दिवशी धरायची, असले तंटे गावात उभे राहिले की शास्त्री त्याच्याच आधारानं तोडत.

प्राध्यापिका : तुम्ही म्हणता ती शिस्तच मला खुपते. ‘व्रतखंडा’त सुमारे दोन हजार व्रतं सांगितलीत, असं म्हणतात. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट! एकेका दिवशी कितीतरी व्रतं आली. उपवास, उद्यापन, ब्राह्मणभोजन, दक्षिणा. ‘दानखंड’ उघडा. तिथं तुलापुरुषदान आहे. यजमान तराजूच्या एका पारड्यात बसतो, दुसऱ्या पारड्यात त्याच्या वजनाइतकं सोनं टाकत जायचं, आणि ते सोनं वाटून टाकायचं. हे राजाला जमेल. पण राजानं केलं की सरदार करतो, सरदारानं केलं की पाटील करतो, आणि शेवटी कुणबी कर्ज काढून उद्यापन करतो. वि. का. राजवाड्यांनी याच कारणानं हेमाद्रीवर कडक टीका केली. समाजाची शक्ती व्रतवैकल्यांत खर्ची पडली, असं त्यांचं म्हणणं.

गुरुजी : पण एक लक्षात घे. त्यातलं एकही व्रत हेमाद्रीनं घरी बसून रचलेलं नाही. सगळी पुराणांत आधीच होती. त्यानं यादी केली. कोशात शब्द आहेत म्हणून कोशकारानं सगळ्यांना ते बोलायला लावले असं होत नाही.

प्राध्यापिका : कोशकार राज्याचा मुख्य अधिकारी नसतो, गुरुजी. आणि नुसती यादी असती तर ठीक होतं. त्यानं निर्णय दिलेत. ज्याच्या शिक्क्यानं इनामाचं दानपत्र निघतं, त्यानंच कोणतं दान पुण्याचं हे लिहिलं, तर त्या लिहिण्याला नुसता पांडित्याचा मान राहत नाही, सरकारी वजन येतं.

गुरुजी : हा मुद्दा बळकट आहे. पण त्याच्या विद्येची दुसरी बाजूही मांड. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर त्यानं ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. आजही वैद्य मंडळी अरुणदत्ताच्या टीकेशेजारी ती छापलेली वाचतात. आपल्या चाकूर तालुक्यातल्या वडवळ नागनाथाच्या बेटावर औषधी वनस्पती बघायला आयुर्वेदाचे विद्यार्थी येतात. त्यांच्या दप्तरात हेमाद्री असतो. शिवाय बोपदेवासारखा व्याकरणकार त्यानं पोसला. ‘मुग्धबोध’ हे त्याचं व्याकरण बंगालात पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलं. बोपदेवाच्या ‘मुक्ताफला’वरची ‘कैवल्यदीपिका’ ही टीका हेमाद्रीच्या नावावर आहे.

प्राध्यापिका : वैद्यकातला हेमाद्री मला मान्य आहे. तिथं त्यानं शरीर आणि औषध समजावून दिलं. कुणावर ओझं टाकलं नाही.

देवळे, मोडी आणि बाजरी

लोकपरंपरा हेमाडपंताच्या नावावर तीन गोष्टी घालते : दगडी देवळांची बांधणी, मोडी लिपी आणि बाजरीचे पीक.

प्राध्यापिका : इथं पुरावा अगदी उघड आहे. ‘हेमाडपंती’ म्हणून ओळखलं जाणारं अंबरनाथचं देऊळ शके ९८२ चं, म्हणजे १०६० चं. हेमाद्रीच्या आधी दोनशे वर्षं. आपल्या भागातलं निलंग्याचं नीलकंठेश्वर आणि देगलूर तालुक्यातल्या होट्टलची देवळं कल्याणीच्या चालुक्यांच्या वळणाची आहेत. हेमाद्री जन्मायच्या आधीपासून ती उभी आहेत. तरी पर्यटकांना ‘हेमाडपंती’ एवढंच सांगून मोकळं व्हायची सवय आहे.

गुरुजी : काळ बरोबर आहे तुझा. पण बांधणी जवळून बघितली की लोकांना एकच नाव का सुचलं ते कळतं. चुना नाही. एका दगडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारी जीभ. घडीव थर एकावर एक आपल्या वजनानं धरून ठेवलेले. छतात दगड तिरपे टाकत टाकत जागा लहान करत नेलेली, आणि शेवटी मधोमध कोरलेलं कमळ. रचनेची ही पद्धत लोकांनी ओळखली आणि तिला एका नावाखाली आणलं. यादवकाळात देवळं खूप बांधली गेली, त्यांच्या दानपत्रांवर हेमाद्रीच्या खात्याचा हात असणार. नाव चुकीचं, पण अगदी निराधारही नाही.

प्राध्यापिका : खात्याचा हात असेल. पण घडवणारे हात पाथरवटांचे होते, आणि त्यांची नावं कुणी जपली नाहीत. शे-दोनशे वर्षांच्या कितीतरी कारागिरांचं काम एका अधिकाऱ्याच्या नावावर जमा झालं. हा हिशेब दुरुस्त व्हायला हवा.

गुरुजी : त्याबद्दल दुमत नाही. मोडीचं काय?

प्राध्यापिका : त्यानं ती लंकेतून आणली ही दंतकथाच. त्याच्या काळातला मोडीतला कागद आपल्या हाती नाही. ज्या चौऱ्यांशीच्या लेखात त्याचं नाव येतं, तो लेखही नागरीत कोरलेला आहे. आणि बाजरी तर भारतात इसवी सनापूर्वी दीड हजार वर्षांच्याही आधीपासून पिकते, हे उत्खननांतल्या दाण्यांवरून ठरलेलं आहे.

गुरुजी : तरी मोडीमागं एक खूण आहे. ‘हेमाडपंती मेस्तक’ नावानं कारकुनांसाठी नियमांची टिपणं नंतरच्या हस्तलिखितांतून चालत आली. कुणाला कोणता मायना लिहायचा, जमाखर्च कसा मांडायचा, कागद कसा सुरू करायचा. प्रत नंतरची असली, तरी महाराष्ट्रातल्या कारकुनांच्या पिढ्यांनी आपला मूळपुरुष म्हणून दुसरा कुणी न निवडता हेमाद्रीलाच निवडलं. दफ्तरदार म्हणून त्याचा दबदबा किती होता, ते त्यावरून समजतं.

महानुभाव आणि हेमाद्री

प्राध्यापिका : आता मला सगळ्यांत जिव्हाळ्याचं सांगू द्या. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी त्याच राज्यात, त्याच वर्षांत पैठणपासून वऱ्हाडापर्यंत फिरत होते. बोलणं मराठीत. संन्यास बायकांनाही मोकळा. महदाइसा त्यांचीच शिष्या. अनेक देवतांची व्रतं आणि सोवळंओवळं त्यांनी नाकारलं. म्हणजे ‘व्रतखंड’ ज्या पायावर उभा आहे, तो पायाच. महानुभाव परंपरेत त्यांच्यावर झालेल्या छळाची हकिकत आहे आणि त्यामागं हेमाद्रीचा हात असल्याचं तिच्यात येतं. १२७८ च्या सुमाराला म्हाइंभटानं ‘लीळाचरित्र’ जमवलं, मराठीतला पहिला गद्य चरित्रग्रंथ. राज्याच्या दफ्तरात ज्यांना जागा नव्हती, अशा माणसांची बोलणी त्यात जपली गेली.

गुरुजी : त्या छळाचं दुःख मलाही आहे. पण न्याय करताना दुसरी बाजूही हवी. ही हकिकत एकाच पक्षाच्या ग्रंथांतून आलीय. महानुभावांतही मतं सारखी नाहीत. स्वामी उत्तरापंथे निघून गेले, अशी पंथाची श्रद्धा आहे. हेमाद्रीनं स्वतः शिक्षा फर्मावली असा समकालीन राजलेख नाही. त्यामुळं आरोप सिद्ध झाला असं म्हणता येणार नाही.

प्राध्यापिका : सिद्ध झाला असं मीही म्हणत नाही. मी एवढंच म्हणते, की त्याच्या बाबतीत हा आरोप लोकांना खरा का वाटला? कारण धर्माचा निर्णय करणारा आणि राज्याचा शिक्का धरणारा माणूस एकच होता. त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये रॉबर्ट बर्नेल हा असाच माणूस होता. १२७४ पासून १२९२ मध्ये मरेपर्यंत तो पहिल्या एडवर्ड राजाचा चान्सलर, आणि १२७५ पासून बाथ आणि वेल्सचा बिशप. १२७५ चा वेस्टमिन्स्टरचा मोठा कायदा त्याच्याच काळातला. एडवर्डनं त्याला कँटरबरीचा आर्चबिशप करायचा दोनदा प्रयत्न केला, तरी तो होऊ शकला नाही. दुसऱ्यांदा खुद्द पोपनं नकार दिला. तिथं धर्मसंस्था वेगळी होती, राजाला ‘नाही’ म्हणू शकत होती. देवगिरीत हेमाद्रीला ‘नाही’ म्हणणारं कोण होतं? चक्रधरांसारखा एखादा फिरस्ता. आणि त्याच्यामागं कोणतीही सत्ता नव्हती.

गुरुजी : तुलना मर्मावर बसते. पण त्याच धर्मसंस्थेनं युरोपात वेगळं मत मांडणाऱ्यांना जाळलं, हेही विसरू नको. नुसती संस्था वेगळी असून पुरत नाही.

यादवांचा अंत

अल्लाउद्दीन खिलजीने १२९६ मध्ये देवगिरीवर धाड घातली. १३०७ मध्ये मलिक काफूरने रामचंद्राला दिल्लीला नेले; मांडलिक होऊन तो परतला. १३११ मध्ये तो वारला आणि पुढच्या काही वर्षांत राज्य बुडाले.

प्राध्यापिका : ज्ञानदेवांनी १२९० मध्ये रामचंद्राच्या राज्याचा गौरवानं उल्लेख केला. सहाच वर्षांत ते राज्य गुडघ्यावर आलं. राजवाड्यांचा राग यातूनच आलाय : व्रतांत गुंतलेला समाज तलवार विसरला.

गुरुजी : हे मात्र मला अजिबात पटत नाही. धाड आली तेव्हा रामचंद्राचा मुलगा शंकरदेव मोठी फौज घेऊन बाहेर होता. फिरिश्ता या इतिहासकाराची हकिकत सांगते, की घाईत गडावर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं. गाफील हेरखातं, बिनतयारीचा किल्ला, दूर गेलेलं सैन्य, हीच पराभवाची कारणं. वरंगळ १३२३ मध्ये पडलं, मदुरा लुटली गेली, होयसळ संपले. तिथं हेमाद्रीचा ‘व्रतखंड’ आड आला होता का? सगळ्या दक्षिणेत जे घडलं, त्याचं खापर एका ग्रंथकारावर फोडणं बरं नव्हे.

प्राध्यापिका : हा युक्तिवाद मी मान्य करते. राज्य बुडालं त्याचा दोष हेमाद्रीवर नाही. राजवाड्यांचा निष्कर्ष टिकत नाही. पण त्यांनी दाखवलेलं दुखणं खरं होतं. कर्ज काढून उद्यापन करणारा कुणबी राज्य बुडाल्यावरही तसाच राहिला.

निवाडा

गुरुजी : मग दोघांना मान्य होईल असं काय उरतं?

प्राध्यापिका : तो अव्वल दर्जाचा दफ्तरदार होता. त्याची संकलनशक्ती अफाट होती आणि वैद्यकातलं काम टिकाऊ आहे. देवळं, मोडी आणि बाजरी यांचं श्रेय त्याच्याकडून काढून घ्यायला हवं. यादवांच्या नाशाचा ठपकाही काढून घ्यायला हवा.

गुरुजी : आणि जिथं आपलं जुळत नाही?

प्राध्यापिका : ते ‘चतुर्वर्गचिंतामणी’बद्दल. तुम्ही त्यात जपणूक बघता, मला त्यात गरिबाच्या खिशावर आलेलं ओझं दिसतं.

गुरुजी : दोन्ही आहे त्यात. मी एवढं कबूल करतो, की ज्याच्या हाती राज्याचा शिक्का आहे त्यानं पुण्याचे दर ठरवू नयेत. हेमाद्रीनं ते ठरवले. त्याच्या विद्वत्तेला मान देऊनही ही त्याची चूक म्हणून नोंदवायला हवी.

हेमाद्रीविषयी खात्रीने सांगता येण्याजोगे तेवढेच आहे, जेवढे ताम्रपट, शिलालेख आणि त्याचे स्वतःचे ग्रंथ सांगतात. बाकीचे लोकांनी त्याच्या नावावर टाकलेले. मराठवाड्यातल्या ज्या गावांत दगडी देऊळ उभे आहे, तिथल्या शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी फलकावर केवळ ‘हेमाडपंती’ न लिहिता देवळाचा काळ, राजवंश आणि तिथल्या शिलालेखाचा सारांश लिहावा. दगडांवर ऑइलपेंट चढवू नये आणि खाचांत सिमेंट भरू नये. कोरलेली अक्षरे एकदा बुजली, की हा वाद मिटवायला कोणताच साक्षीदार उरणार नाही.